आरमध्ये सरासरीच्या जागी एनए, तारखा सन पाचमधल्या, बेरीज भलतीच: नेमकं काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीकडे सातारा जिल्ह्याची तालुकावार, महिनावार पावसाची आणि खरीप ज्वारीच्या क्षेत्राची माहिती एक्सेलमध्ये आहे. मार्गदर्शकांनी विश्लेषण आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणकभाषेतच करायला सांगितलंय. फाइल उघडताना आधी एरर आली. ती कशीबशी उघडली तर सरासरी काढल्यावर एनए (म्हणजे 'किंमत उपलब्ध नाही') येतं, तारखा '०००५-०४-२०' अशा दिसतात, क्षेत्राची बेरीज एक्सेलशी जुळत नाही आणि दोन तालुके निवडले तर निम्म्याच ओळी मिळतात. 'आर माझ्यासारख्यांसाठी नाहीच का? एक्सेलवर परत जाऊ का?' असं त्या विचारतात.

परत जाऊ नका. तुमच्या पाच अडचणींपैकी फक्त पहिलीत आरने तुम्हाला अडवलं. लाल अक्षरं आली, तुम्ही खटपट केलीत, फाइल उघडली. उरलेल्या चारही ठिकाणी आर थांबलं नाही, काही ना काही उत्तर देऊन मोकळं झालं. मी बरीच वर्षं संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आर शिकवतो. नव्या मुलांना लाल अक्षरांची धास्ती असते, मला मात्र ती दिसली की हायसं वाटतं. एररने काम अडतं, पण प्रबंध बिघडत नाही. प्रबंध बिघडतो तो जिथे एरर यायला हवी होती आणि आली नाही तिथे. म्हणून फाइलचा प्रश्न पटकन उरकतो आणि बाकीच्या चारांवर जास्त वेळ देतो.

आज्ञा मी खाली देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या रोमन लिपीत, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून करायच्या. तक्ता पाहायच्या 'व्ह्यू' या आज्ञेत व्ही मोठा असतो. लहान टाकलात तर आर म्हणणार असं फंक्शनच सापडत नाही.

आता फाइल. विंडोजमधून फोल्डरचा पत्ता कॉपी केला की तो सी:\यूजर्स\ असा उलट्या तिरक्या रेघांनी येतो. आरमध्ये अवतरणचिन्हांच्या आत उलटी रेघ म्हणजे 'पुढचं अक्षर खास आहे' अशी खूण असते. रेघेपुढे लहान एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅब, मोठा यू आला तर 'पुढे युनिकोड अक्षराचा क्रमांक आहे'. यूजर्समध्ये यूच्या पुढे एस येतो, तो क्रमांकात बसत नाही, म्हणून 'यूज्ड विदाउट हेक्स डिजिट्स' ही एरर. फोल्डरचं नाव लहान एनने सुरू होत असेल तर ही एररही येत नाही. आर पत्त्याच्या मधोमध नवी ओळ घालतं आणि मग 'नो सच फाइल' म्हणतं. उपाय सोपा आहे: सगळ्या रेघा सरळ (/) करा किंवा प्रत्येक उलटी रेघ दोनदा लिहा. त्याहून चांगलं म्हणजे आरस्टुडिओत (आरमध्ये काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) या कामाचा एक प्रोजेक्ट करा, फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि नुसतं फाइलचं नाव द्या. तरीही सापडत नसेल तर लिस्ट.फाइल्स() चालवा. आरला त्या फोल्डरमध्ये काय दिसतंय ते ती आज्ञा दाखवते. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे 'पाऊस.सीएसव्ही' वाटणारी फाइल प्रत्यक्षात 'पाऊस.सीएसव्ही.सीएसव्ही' किंवा सरळ एक्सेलचीच निघते.

मुळात सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या किमतींची साधी मजकूर फाइल) करूच नका असं मी सुचवेन. एक्सेल सीएसव्ही करताना खाली साठवलेली किंमत सोडून पडद्यावर दिसणारी किंमत लिहितं. सेलमध्ये दशांशानंतर एकच आकडा दिसत असेल तर फाइलमध्येही एकच जातो. देवनागरी नावांची तर वाताहत होते: 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय न निवडता साधी सीएसव्ही केली की नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि ती परत अक्षरांत आणता येत नाही. रीडएक्सएल हे पॅकेज (आरला जोडायचा तयार आज्ञांचा संच) घाला आणि त्यातल्या रीड_एक्सेल या आज्ञेने मूळ एक्सेल फाइलच वाचा. कॉलमची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि मधे जागा न सोडता द्या. पुढचं टायपिंग सुसह्य होतं.

तुमच्या उरलेल्या तक्रारींपैकी तिघींचं मूळ एकच आहे, ते आधी सांगतो.

आरमध्ये एका कॉलमला एकच जात असते. सगळे आकडे, नाहीतर सगळा मजकूर, नाहीतर सगळ्या तारखा. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल स्वतंत्र असतो, तिथे आकड्यांच्या कॉलममध्ये एक शब्द खपून जातो. आरमध्ये १३२ ओळींच्या कॉलममध्ये एका ठिकाणी शब्द असला की १३१ आकडेही मजकूर होऊन बसतात. दुधात पडलेल्या मिठाच्या खड्यासारखं आहे हे. आणि ते होताना आर सहसा तक्रार करत नाही. त्याला कारणही आहे. आर ज्या एस भाषेच्या वळणावर घडलं, ती बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या सुमारास सुरू केली. माहिती समोर मांडून तिच्याशी बोलत बोलत विश्लेषण करता यावं, हा तिचा हेतू. पुढे न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर लिहायला घेतलं आणि २९ फेब्रुवारी २००० ला त्याची १.०.० आवृत्ती आली. समोर बसलेला माणूस आपली माहिती ओळखतो असं ही भाषा धरून चालते. म्हणून अडण्यापेक्षा जुळवून घेण्याकडे तिचा कल असतो. अनुभवी माणसाला ते सोयीचं पडतं, नव्या माणसाला त्यातच फसायला होतं.

म्हणून फाइल वाचली की पहिली आज्ञा एसटीआर(पाऊस), दुसरी कुठलीही नाही; पाऊस हे तक्त्याचं नाव. ती प्रत्येक कॉलमचं नाव, जात आणि पहिल्या काही किमती दाखवते. पावसाच्या मिलिमीटरपुढे 'एनयूएम' (आकडे) दिसलं तर ठीक. 'सीएचआर' (मजकूर) दिसलं आणि किमती अवतरणचिन्हांत दिसल्या, म्हणजे "१२.५" "०" "निरंक" अशा, तर तिथेच थांबा. तारखेपुढे 'डेट' किंवा 'पीओएसआयएक्ससीटी' दिसायला हवं. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी करायची सवय लागली तर तुमचा निम्मा मनस्ताप वाचेल.

आता सरासरी. एनए दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतं आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. पहिलं कारण, कॉलम आकड्यांचाच आहे पण काही किमती नाहीत. आरचं म्हणणं रास्त आहे: एक किंमत माहीत नसेल तर सरासरीही माहीत नाही. दुसरं कारण, कॉलम मजकुराचा आहे. तेव्हा एनएच्या सोबत 'आर्ग्युमेंट इज नॉट न्यूमेरिक ऑर लॉजिकल' असा इशारा येतो. तुम्हाला कुणीतरी 'एनए.आरएम = ट्रू लिही' (म्हणजे नसलेल्या किमती वगळ) असं सांगितलं आणि त्याने फरक पडला नाही, असं तुम्ही म्हणता. म्हणजे तुमचं कारण दुसरं आहे.

मजकूर करणारा खडा शोधायची रीत अशी: ॲज.न्यूमेरिक लावल्यावर ज्या किमती एनए होतात पण मुळात रिकाम्या नव्हत्या, त्या वेगळ्या काढायच्या.

यूनिक(एक्स[इज.एनए(ॲज.न्यूमेरिक(एक्स)) & !इज.एनए(एक्स)])

इथे एक्स म्हणजे तुमचा पावसाचा कॉलम. 'एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन' असा इशारा येईल, येऊ द्या, त्याच किमती आपल्याला हव्या आहेत. सरकारी तक्त्यांवर ही आज्ञा चालवली की काय काय निघतं ते मला पाठ झालंय: 'निरंक', आडवी रेघ, '१२.५ मि.मी.', स्वल्पविराम घातलेले आकडे आणि देवनागरी आकडे.

देवनागरी आकड्यांकडे लक्ष द्या, कारण मराठीत टाइप केलेल्या तक्त्यांत ते हटकून असतात. आपल्या डोळ्यांना तो आकडाच दिसतो, आरला मात्र ते एखाद्या अक्षरासारखं अक्षर असतं आणि ॲज.न्यूमेरिक त्याचं एनए करतं. यासाठी सीएचएआरटीआर ही आज्ञा आहे. पहिल्या अवतरणांत देवनागरी शून्य ते नऊ ओळीने लिहायचे, दुसऱ्या अवतरणांत तेच इंग्रजी आकडे, आणि तिसऱ्या जागी कॉलम. अक्षराला अक्षर बदलून मिळतं. स्वल्पविराम काढायला जीसब(",", "", एक्स). लाखाच्या ठिकाणी दोन आकड्यांनी पडणारा आपला स्वल्पविराम असो की तीन आकड्यांचा, या आज्ञेला फरक पडत नाही. तालुक्यांच्या नावांच्या कडेला चिकटलेल्या मोकळ्या जागेसाठी ट्रिमडब्ल्यूएस.

'निरंक'चं काय करायचं हे मात्र आरला विचारू नका, ज्या कार्यालयातून तक्ता आला तिथे विचारा. पाऊस झाला नाही म्हणून निरंक, की अहवालच आला नाही म्हणून? पहिलं शून्य आहे, दुसरं एनए. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुष्काळावर काम करणाऱ्याने तो डोळे झाकून ठरवायचा नसतो.

एनए.आरएम = ट्रू बद्दलही सांगितलं पाहिजे, कारण ते सर्रास डोळे मिटून लिहिलं जातं. सरासरीत ते हरवलेली किंमत बाजूला ठेवतं आणि उरलेल्यांची सरासरी देतं. बेरजेत त्याच तीन शब्दांचा परिणाम वेगळा होतो: हरवलेली किंमत शून्य धरल्यासारखी होते. महाबळेश्वरची जुलैची नोंद नसेल आणि तुम्ही वर्षाची बेरीज एनए.आरएम = ट्रू घालून केलीत, तर महाबळेश्वरचा सर्वांत मोठा महिना गायब होऊन एक नीटनेटका आकडा समोर येतो. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या तालुक्याच्या बाराही नोंदी नसतील तर त्याची बेरीज शून्य येते. एनए नाही, शून्य. नकाशावर तो तालुका सर्वांत कोरडा रंगतो आणि खरं कारण एवढंच असतं की तिथला तक्ता मिळाला नाही. त्यामुळे आधी प्रत्येक तालुक्याच्या किती नोंदी नाहीत ते मोजा, सम(इज.एनए(एक्स)) पुरेसं आहे. पावसाळ्याचा एक जरी महिना नसेल तर त्या तालुक्याची वार्षिक बेरीज एनएच राहू द्या आणि प्रबंधात तसं लिहा.

क्षेत्राची बेरीज चुकते, आणि तीही फारच लहान येते, असं तुम्ही लिहिलंय. सोबत पाठवलेल्या कोडमध्ये फाइल वाचताना 'स्ट्रिंग्जॲजफॅक्टर्स = ट्रू' दिसतंय, जुन्या नोट्समधून आलं असावं. तिथेच उत्तर आहे. फॅक्टर ही आरची वर्गवारीसाठीची जात. त्यात प्रत्येक वेगळ्या मजकुराला आर एक क्रमांक देतं आणि आत फक्त क्रमांक साठवतं. समजा क्षेत्र १२०, ८५ आणि ३०० आहे आणि कॉलम फॅक्टर झालाय. मजकुराच्या क्रमाने लावले तर "१२०", "३००", "८५" अशी रांग लागते, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. म्हणजे १२० ला क्रमांक १, ३०० ला २ आणि ८५ ला ३. आता ॲज.न्यूमेरिक लावलंत की मिळतात १, ३, २, बेरीज ६. खरी बेरीज ५०५. कुठेही लाल अक्षर नाही. आधी ॲज.कॅरॅक्टर आणि मग ॲज.न्यूमेरिक असं दोन पायऱ्यांनी गेलं की ५०५ मिळतात. २४ एप्रिल २०२० ला आलेल्या ४.०.० आवृत्तीपासून आर मजकुराचं आपणहून फॅक्टर करत नाही. पण त्याआधीच्या नोट्स, जुने व्हिडिओ आणि कॉलेजच्या लॅबमधली न बदललेली आवृत्ती यांतून ही चूक अजून फिरतेय. तुमची आवृत्ती आर.व्हर्जन.स्ट्रिंग लिहून पाहा. जुनी असेल तर नवी टाका.

तारखा मला सर्वांत जिव्हाळ्याच्या, कारण त्यात आरचं वागणं अगदी उघड दिसतं. तुमच्याकडे '०५/०४/२०२३' आहे, म्हणजे ५ एप्रिल. नुसतं ॲज.डेट लावलंत. आर दोनच साच्यांत बसवून पाहतं: वर्ष-महिना-दिवस आडव्या रेघांनी, नाहीतर वर्ष/महिना/दिवस तिरक्या रेघांनी. दुसरा साचा बसतो. वर्ष ०५, महिना ०४, दिवस २० (२०२३ चे पहिले दोन आकडे), उरलेले २३ सोडून दिले. म्हणून इसवी सन ५ मधली २० एप्रिल. तुमचा सगळा कॉलम पाहा, प्रत्येक तारीख वीसच असेल. हे दिसलं की दुसरं निदान करायची गरज नाही.

उपाय म्हणजे साचा स्वतः सांगायचा: फॉरमॅट = "%डी/%एम/%वाय", त्यात डी आणि एम लहान, वाय मोठा. वाय लहान टाकलात तर आर फक्त दोन आकडी वर्ष वाचतं, २०२३ मधले २० उचलतं आणि त्याला २०२० करतं. तारीख बरोबर, महिना बरोबर, वर्ष सगळीकडे २०२०. एकाच वर्षाची माहिती असेल तर हे महिनोन्महिने ध्यानात येत नाही. म्हणून तारखा केल्यावर लगेच रेंज लावा. सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख दिसली की चूक लपत नाही.

रीड_एक्सेलने वाचताना तारखांच्या जागी "४५०००" सारखे पाच आकडी मजकूर दिसले तर घाबरू नका. एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीत ठेवतं. ४५००० म्हणजे १५ मार्च २०२३. आकडा करून घ्या आणि ॲज.डेटमध्ये ओरिजिन = "१८९९-१२-३०" द्या. ३० डिसेंबर हा विचित्र आरंभ अशासाठी की एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं. लोटस १-२-३ शी जुळतं राहावं म्हणून ती चूक तशीच ठेवली गेली. पण असे आकडे मजकुराच्या कॉलममध्ये दिसले याचा अर्थ गंभीर असू शकतो: काही सेलमध्ये एक्सेलच्या लेखी खरी तारीख आहे आणि काहींत नुसता मजकूर. अमेरिकी पद्धतीवर ठेवलेल्या कॉम्प्युटरवर कुणी '०५/०४/२०२३' टाइप केलं तर एक्सेल ते ४ मे समजतं, आणि '१५/०६/२०२३' मध्ये पंधरावा महिना नसल्याने ते मजकूर म्हणून सोडतं. म्हणजे बारा तारखेपर्यंतचे दिवस-महिने उलटे झालेले आणि तेरापासून पुढचे मजकूर. हे आरमध्ये आणल्यावर अंदाजाने सुलटं करत बसू नका. मूळ नोंदवही किंवा मूळ तक्ता मागवा आणि त्यावरून तारखा पुन्हा भरा. दोन दिवस जातील, पण त्या दोन दिवसांना पर्याय नाही.

दोन तालुके निवडताना निम्म्या ओळी का येतात? तुमची अट आहे तालुका == सी("वाई", "पाटण"). मराठीत वाचलं तर ती बरोबर वाटते. आर मात्र ती अशी वाचतं: पहिल्या ओळीची तुलना वाईशी, दुसरीची पाटणशी, तिसरीची पुन्हा वाईशी, चौथीची पाटणशी. आखूड यादी लांब यादीच्या मापाची होईपर्यंत फिरवत राहायचं हा आरचा नियम आहे. तुमच्या अकरा तालुक्यांच्या बारा महिन्यांच्या १३२ ओळी आहेत, तालुक्यानुसार लावलेल्या. वाईच्या बारा ओळींपैकी सहा विषम क्रमांकावर येतात तेवढ्याच मिळतात, पाटणच्या सहा सम क्रमांकावरच्या. चोवीसच्या जागी बारा. ओळी १३३ असत्या तर 'लांबी पटीत नाही' असा इशारा आला असता; १३२ ला दोनने पूर्ण भाग जातो म्हणून तोही आला नाही. यादीत आहे का असं विचारायचं असेल तेव्हा == न वापरता %इन% वापरा. आणि निवड केल्यावर एनरो ने ओळी मोजा. किती यायला हव्यात हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, ते ज्ञान वापरा.

तुम्ही विचारलं नाही, पण पाऊस आणि ज्वारी हे दोन तक्ते जोडायला घ्याल तेव्हा पुढची अडचण येणार आहे, म्हणून आत्ताच सांगतो. मर्ज ही आज्ञा जी नावं दोन्हीकडे जुळतात तेवढ्याच ओळी ठेवते, बाकीच्या गुपचूप टाकून देते. एका तक्त्यात 'कराड' आणि दुसऱ्यात 'कऱ्हाड' असेल, एकात 'जावली' आणि दुसऱ्यात 'जावळी', तर ते तालुके गेले. हे निदान दिसतं तरी. पण दोन्ही तक्त्यांत 'कऱ्हाड'च लिहिलंय, पडद्यावर काडीचा फरक नाही, आणि तरी आर ते वेगळे म्हणतं असंही होतं. अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. अक्षरं मोजणारं एनकॅर लावलंत तर पहिला शब्द सहा भरतो आणि दुसरा सात. यूटीएफ८टूइंट लावलंत तर आतले क्रमांक दिसतात: पहिल्यात २३५३, २३८१, २३६१ ही साखळी, दुसऱ्यात २३५२, २३८१, ८२०५, २३६१. तो ८२०५ म्हणजे ते न दिसणारं चिन्ह. 'तऱ्हा', 'वऱ्हाड', 'गोऱ्हे' अशा प्रत्येक शब्दात ही शक्यता आहे, मराठी माहितीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी.

म्हणून जोडण्याआधी सेटडिफ(एकातली नावं, दुसऱ्यातली नावं) दोन्ही बाजूंनी चालवा. दोन्ही वेळा रिकामं आलं तरच जोडा. आणि शक्य असेल तर नावावर जोडूच नका, क्रमांकावर जोडा. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत तालुक्यांना क्रमांक दिलेले आहेत, ते दोन्ही तक्त्यांत भरून घेतले की शुद्धलेखनाचा प्रश्नच मिटतो. अकरा तालुक्यांना हे काम दहा मिनिटांचं आहे.

बाकी किरकोळ. कन्सोलमध्ये ओळीच्या सुरुवातीला > ऐवजी + दिसत राहिलं तर कुठला तरी कंस किंवा अवतरण बंद व्हायचं राहिलंय; एस्केप दाबा आणि ओळ पुन्हा लिहा. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कोड चिकटवला तर वळणदार अवतरणं येतात, आर ती ओळखत नाही. 'कुड नॉट फाइंड फंक्शन' आलं तर बहुधा लायब्ररी(...) लिहायचं राहिलंय: पॅकेज घालायचं एकदा, लायब्ररीने हाक मारायची प्रत्येक वेळी. 'ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल' हे वाक्य भयंकर वाटतं, अर्थ साधा आहे: तुम्ही फंक्शनला तक्ता समजून त्याचा कॉलम मागताय. बहुतेकदा डीएफ नावाचा तक्ता तयार करायची ओळ चालवायचीच राहिलेली असते, आणि आरमध्ये डीएफ नावाचं एक फंक्शन आधीपासून आहे. आलेखावर देवनागरी जोडाक्षरं फुटली तर रॅग या पॅकेजने चित्र साठवा.

एका सवयीबद्दल मात्र मी आग्रही आहे. आरस्टुडिओ बंद करताना 'वर्कस्पेस सेव्ह करू का' असं विचारतं. कायम नाही म्हणा, किंबहुना सेटिंगमध्ये 'नेव्हर' करून टाका आणि सुरुवातीला जुनं वर्कस्पेस आणायचा पर्यायही बंद करा. नाहीतर मागच्या आठवड्यातला अर्धा दुरुस्त केलेला तक्ता त्याच नावाने मेमरीत बसून राहतो, तुम्ही आज लिहिलेला कोड त्याच्यावर चालतो आणि उत्तर कशातून आलं ते कळायला मार्ग उरत नाही. सगळं काम स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहा. दिवसातून एकदा तरी कंट्रोल, शिफ्ट आणि एफ१० दाबून आर नव्याने सुरू करा आणि स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवा. ती चालली नाही तर आजच कळलेलं बरं, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री नको. मूळ एक्सेल फाइलला हात लावू नका. प्रत्येक दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये, कारणाची एक ओळ सोबत लिहून. 'निरंक म्हणजे शून्य, तालुका कृषी कार्यालयात विचारून खात्री केली' अशी ओळ मार्गदर्शकांना दाखवता येते. एक्सेलमध्ये सेलवर सेल बदलत गेलात तर दाखवायला काहीच उरत नाही, आणि तुम्ही आर शिकावं असं मला वाटतं त्याचं खरं कारण हे आहे.

आता तुमच्याकडून मला काय हवं ते. फोटो नको, त्यातून मला काहीच चालवून पाहता येत नाही. डीपुट(हेड(पाऊस, २०)) चालवा, जो मजकूर येईल तो जसाच्या तसा चिकटवा. त्यात कॉलमच्या जातीसकट वीस ओळी येतात. सोबत एसटीआर(पाऊस) आणि सेशनइन्फो() यांचं उत्तर, आणि वरची ती लांब यूनिकची आज्ञा पावसाच्या कॉलमवर चालवून निघालेली यादी. तारखांचा कॉलम ॲज.डेट लावण्यापूर्वीचा पाठवा, नंतरचा नको. तेरा तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या काही ओळी त्यात असू द्या, म्हणजे एक्सेलने दिवस-महिने उलटे केलेत का ते पाहता येईल.